प्यादं घे आणि नीघ

कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरलं, त्यावर पहिलं पाणी पडलं आणि घरभर तो ओला, गोठ्यासारखा वास पसरला की आमच्याकडे उन्हाळा लागतो. बाहेर तो होळीपासूनच लागलेला असतो. सोलापूरचं ऊन कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. पण आमच्या मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते, गवत भरेपर्यंत नुसतं 'गरम होतंय' असतं. गवत भरल्यावर उन्हाळा. यंदाही गवत मीच भरलं. यंदाही जाळी उलटी बसवली. पंखा सुरू केला तसं निम्मं गवत माझ्या अंगावर आणि निम्मं मंगलनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर आलं. केसांतल्या काड्या वेचता वेचता मला पैलवान आठवला, आणि पैलवानाबरोबर तो सगळा उन्हाळा.

पैलवान म्हणजे मी लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम.

तंत्रनिकेतनात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, सकाळी फिरायला जातात, नातवंडं सांभाळतात. माझी झाडं जळतात, फिरायला गेलो की कुत्री मागं लागतात आणि नातवंडं माझ्यापेक्षा मंगलला जास्त मानतात. तेव्हा मी मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप घेतला आणि प्रोग्राम लिहायला बसलो. आजोबा अकलूजकडचे, तालमीत वाढलेले. म्हणून नाव पैलवान. आजोबांनी कुस्त्या मारल्या होत्या म्हणे. त्यांच्या नातवाला लोण्याचा डबा सुद्धा नीट उचलता येत नाही, म्हणून नातवानं कुस्तीसाठी यंत्र केलं.

पैलवानाचं काम सोपं होतं. मी ही खेळी केली तर समोरचा काय करेल, मग मी काय करेन, मग तो काय करेल, असं तो जमेल तितकं पुढं बघायचा. प्रत्येक शक्यतेला गुण द्यायचा आणि सगळ्यात जास्त गुणांची खेळी करायचा. पुढं मात दिसली तर पडद्यावर 'जिंकलो!' अशी अक्षरं यावीत, ही सोय मी अगदी पहिल्या दिवशी केली. प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं हे त्याला शिकवायला पुढचा पंधरवडा गेला. पण 'जिंकलो!' आधी तयार होतं. यावरून माझ्या स्वभावाचा अंदाज यावा.

माझा खरा स्वभाव म्हणजे सुरुवात थाटात आणि शेवट घाईत. परीक्षेत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं लिहायचो की परीक्षकानं ते फ्रेम करून लावावं. शेवटच्या प्रश्नाला नुसते मुद्दे, आणि खाली 'वेळ संपला' अशी करुण ओळ. शिकवायला लागल्यावरही तेच. वर्षाचा पहिला धडा दिवाळीपर्यंत चालायचा आणि शेवटचे चार धडे मी पोरांना 'हे तुम्ही वाचून घ्या' म्हणून उरकायचो.

आणि निरोप तर मला घेताच येत नाही. एकदा मेहुण्याला सोडायला स्टेशनवर गेलो. त्याची बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, मग शेंगाचटणीची पुडी दिली, मग ती चटणी कशाबरोबर खायची ते सांगितलं. मग 'निघतो बरं का' म्हणून बसलोच. गाडी हलली तेव्हा मी कडक भाकरी किती दिवस टिकते ते सांगत होतो. होटगीला उतरलो. गार्डाच्या डब्यातून एक उंच, दाढीवाला माणूस खाली उतरला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "क्या सर, सोडनेकू आये थे क्या जानेकू?"

हे शकूरभाई, त्या गाडीचे गार्ड. त्यांची पाळी होटगीलाच संपत होती. त्यांनी मला स्टेशनमास्तरांच्या खोलीत बसवलं, चहा पाजला, परतीच्या गाडीत घातलं. चहा पिताना कळलं की त्यांना बुद्धिबळाचा नाद आहे. ते निवृत्त झाल्यावर आमची दोस्ती झाली, आणि त्यांनीच मला अक्काकडे नेलं.

अक्का म्हणजे यशोदाअक्का. पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत तिचं घर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि पटासमोर बसल्यावर दोन्ही बंद. शाळेत तिनं इतिहास शिकवला. लढाया शिकवून शिकवून तिला पटावर त्या प्रत्यक्ष करायची सवय लागली असावी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला, घरात ती एकटी. उन्हाळ्याच्या दुपारी तिच्या पुढच्या खोलीत कूलर लावून आम्ही तिघं खेळायचो. शेजारच्या कारखान्यात माग चालायचे. खटाखट, खटाखट, दिवसभर. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "अक्का, ह्या आवाजात तुला सुचतं कसं?"

"ह्या आवाजातच सुचतं की. लाईट जाऊन माग थांबले की मला काही कळत नाही बघ. कुणीतरी कानातून कापूस काढल्यासारखं होतं."

मी अक्काशी हरायचो. शकूरभाई हरायचे, पण सावकाश. मी वेगात. अक्का कुकर चढवून माझ्यासमोर बसायची आणि पहिली शिटी व्हायच्या आत माझा डाव संपलेला असायचा. तेव्हा माझा अपमान धुऊन काढण्यासाठी मी पैलवानाला तिच्या दारी घेऊन गेलो. पैलवान तिला हरवू लागला. नेहमी नाही, पण दहातल्या सहा-सात डावांत तो सुरुवातीलाच वरचढ व्हायचा. मी तर हवेत. शकूरभाई म्हणाले, "सर, बेटा बाप पे नहीं गया, अच्छा हुआ."

डाव मधेच सोडायचे, हा आमचा रिवाज होता. कुणाचं पारडं जड आहे ते दिसलं की हात मिळवायचा आणि ताक प्यायचं. त्यामुळं पैलवान वरचढ झाल्यावर पुढं काय करतो ते बघायची वेळ कधी फारशी आलीच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

मे महिन्यात अक्काची मुलगी आली. सुजाता. हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या कामावर. एरवी ती आईला भेटायला यायची. त्या वर्षी न्यायला आली. कारणही तसंच झालं होतं. मार्चमध्ये अक्कानं दूध तापत ठेवलं आणि आमच्याबरोबर डावाला बसली. दूध गेलं, पातेलं गेलं, आणि शेजारच्या बाईनं धूर बघून आरडाओरडा केला म्हणून पडदा वाचला. आम्ही तिघंही तिथंच होतो. शकूरभाईंना 'काही तरी करपतंय' असं वाटलं होतं. मी म्हणालो होतो, मागाचं तेल असेल.

"अम्मा, तुझ्या लक्षात राहत नाही आता," सुजाता म्हणाली. "तू इथं एकटी राहायचं नाही. चल माझ्याबरोबर, कायमची."

"मला सगळं लक्षात राहतं."

"दूध?"

"दूध राहिलं नाही. बाकी सगळं राहतं."

हे आमच्यासमोर चाललं होतं. आपण उठावं की बसावं ते आम्हाला कळेना, आणि अशा वेळी मी नेहमी बसतो. अक्काचं घर जाणार, दुपारच्या वेळी तिथं कूलर सुरू होणार नाही, आम्ही दोघं म्हातारे कुणाच्या तरी ओट्यावर बसून एकमेकांशी हरणार, हे सगळं मला एकदम दिसलं. सुजाताचंही चूक नव्हतं. आई धुरात सापडली असती तर?

अक्कानं पटाकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. मग मुलीकडे. "ह्या डब्याला हरवलं तर मी हितंच राहणार. नाही हरवलं, बरोबरी झाली तरी, तुझ्याबरोबर आले. बोल."

सुजाताला हसू आलं. "अम्मा, कॉम्प्युटर आहे तो. त्याला आता जगात कुणी हरवू शकत नाही."

"जगातला कॉम्प्युटर वेगळा. हा ह्यानं लिहिलाय."

सुजातानं माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि तरीही हो म्हणाली. वाद घालून ती थकली होती, आणि यंत्रावर तिचा विश्वास होता. डाव दुसऱ्या दिवशी दुपारी, घड्याळ लावून, शेवटपर्यंत खेळायचा असं ठरलं. अक्का मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, त्याच्यात एक अक्षर इकडचं तिकडं केलंस तर हा पट तुझ्या डोक्यात घालीन. मला खरा खेळ पाहिजे."

घरी मंगल म्हणाली, "अक्काला हरवलंत तर उद्या रात्रीचं जेवण इथं मागू नका." मी म्हणालो, खेळणार यंत्र, माझा काय संबंध? ती म्हणाली, "मोकळं सोडलेलं गाढव पीक खातं तेव्हा धन्याचा संबंध नसतोच." लॅपटॉप उघडून मी बराच वेळ बसलो. मनात आलं, एक ओळ, फक्त एक ओळ बिघडवावी. पण अक्काचे डोळे आठवले, पटाचं वजन आठवलं (सागवानी आहे) आणि खरं सांगायचं तर पोराला मुद्दाम चीत करायला बापाचा हात होईना. लॅपटॉप मिटला. एक अक्षर हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीतली कुत्री गटाराच्या फरशीखाली शिरली होती. पुढच्या खोलीत पट, पटाशेजारी अक्काचं जुनं किल्लीचं घड्याळ. त्याला दोन तबकड्या. खेळी केली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. वेळ संपत आला की तबकडीवरचं लाल पातं काट्यावर चढतं आणि वेळ संपला की खाली पडतं. पातं पडलं की खेळ खलास. प्रत्येकाला अर्धा तास. पंच शकूरभाई, रेल्वेतली शिट्टी खिशात घालून आलेले. पैलवान पडद्यावर खेळी दाखवणार, मी ती पटावर करणार आणि कळ दाबणार, म्हणजे मी पैलवानाचा हात.

अक्का सुरुवातीला छान खेळली. घोडा मध्ये आणला, माझा, म्हणजे पैलवानाचा, उंट कोंडून ठेवला. माग खटाखट चालले होते आणि तिची बोटं गुडघ्यावर त्याच तालात हलत होती. आणि नेमके लाईट गेले.

कूलर थांबला. माग थांबले. सगळी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी. अक्कानं मान वर केली, डोळे मिटले, उघडले, आणि हत्ती उचलून ठेवू नये तिथं ठेवला. मला सुद्धा दिसलं. मला दिसलं म्हणजे किती ढोबळ चूक असेल बघा. लॅपटॉप बॅटरीवर होता. त्याला शांततेचं काही नव्हतं. हत्ती गेला, पाठोपाठ घोडा, मग वजिरावजिरी झाली, बाकीच्या सोंगट्याही मारामारीत एकेक करून गेल्या. लाईट परत आले, माग सुरू झाले, अक्का ताठ बसली, पण तोवर तिच्याकडे राजा आणि डाव्या कडेला एक प्यादं, एवढंच उरलं होतं. पैलवानाकडे राजा, दोन हत्ती आणि वर प्यादी. पडद्यावर अक्षरं आली : जिंकलो!

"अम्मा, सोड आता," सुजाता हळूच म्हणाली.

"तू चहा टाक."

सुजाता आत गेली. चहा टाकलाच, पण मधल्या दारातून मला दिसत होतं : कपाट उघडून ती आईच्या साड्या काढत होती, घडी सारखी करून पिशवीत ठेवत होती. निळी, मग ती विटकरी काठाची, जी अक्का शाळेच्या निरोप समारंभाला नेसली होती. पुढची खेळी करायचं मी विसरलोच. पैलवानाचा हात म्हणजे माझा हात.

पैलवानानं हत्ती डावीकडे नेला. जिंकलो! अक्कानं राजा सरकवला. पैलवानानं हत्ती उजवीकडे आणला. जिंकलो! अक्कानं राजा परत आणला. पैलवानानं दुसरा हत्ती उचलून उगाच एक घर वर ठेवला. जिंकलो! मग खाली. जिंकलो!

"ये क्या कर रहा है?" शकूरभाईंनी माझ्या कानात विचारलं.

मला कळत नव्हतं. आखाड्यात एखादा गडी समोरच्याला खाली घेतो, आता पाठ लावायची तेवढी राहिलेली, आणि त्याच वेळी उठून तो प्रेक्षकांना नमस्कार करत आखाड्याला फेऱ्या मारतो, तसं काहीतरी चाललं होतं. अक्काचं ते एकुलतं प्यादं तर हत्तीच्या तोंडात होतं. केव्हाही घ्यावं. पैलवान घेत नव्हता. घाईच नव्हती त्याला. पण घड्याळाला होती.

शकूरभाई पुढं झुकले. "अक्का, वोइच वोइच पोझिशन आ रही. तीन बार आयी तो बरोबरी मांगो."

"बरोबरीचं काय करू? अट जिंकायची आहे. पंचानं बोलू नये." अक्कानं राजा सरकवला आणि कळ दाबली. खट्.

माझ्या तळहाताला घाम. हत्ती निसटून मांडीवर पडला. उचलला, ठेवला, कळ दाबली. पुन्हा पडद्याकडे. जिंकलो! पुन्हा हत्ती. लाल पातं काट्यावर चढून आडवं झालं होतं. माझी अवस्था अशी की एका डोळ्याला ते पडावं असं वाटत होतं आणि दुसऱ्या डोळ्याला पैलवानानं एकदाची मात द्यावी असं. अक्का घड्याळाकडे बघतच नव्हती. ती प्याद्याकडे बघत होती, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं.

पातं पडलं. शकूरभाईंनी इतकी कचकचून शिट्टी मारली की शेजारच्या कारखान्यातनं एक कामगार डोकावला. "झेंडी गिरी! गाडी बंद!"

सुजाता हातात साडी घेऊन बाहेर आली. "संपलं? मात झाली?"

"वेळ संपला," मी म्हणालो. "आमचा."

"मग? अम्माकडे आहेच काय?"

"तू इंजिनियर आहेस ना," अक्का म्हणाली, "नियम ऐक. वेळ संपला तो हरला. समोरच्याकडे नुसता उघडा राजा उरला असेल, तरच बरोबरी. कारण उघडा राजा कुणाला मात देऊ शकत नाही." तिनं त्या कडेच्या प्याद्यावर बोट ठेवलं. "माझा राजा उघडा नाही. प्यादं आहे, ते पुढं जाऊन वजीर होऊ शकतं. मी जिंकले."

सुजातानं शकूरभाईंकडे बघितलं. शकूरभाईंनी मान डोलावली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला आवडली नाही.

"काका, तुम्ही मुद्दाम हळू खेळलात."

"नाही गं!"

"सोंगट्या पाडल्यात. मी बघितलं. अम्मानं राहावं म्हणून तुम्ही तिघांनी ठरवून केलंत हे. असलं जिंकणं मी धरणार नाही." तिनं हातातली साडी मुठीत आवळली. "माझी आई धुरात बसली होती, काका. हा खेळ नाहीये माझ्यासाठी."

अक्काचा चेहरा उतरला. जिंकलेला डाव माझ्या घामट हातांमुळं तिच्याकडून जाणार होता. आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रसंग आला होता की मी खरोखर मूर्ख आहे हे मला सिद्ध करायचं होतं, आणि ज्या गोष्टीबद्दल सगळ्या गावाची खात्री होती तिच्याबद्दल नेमकी समोरची व्यक्ती शंका घेत होती.

"तू स्वतः बस," मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "माझा हात नको. डाव तोच मांड, वेळ हवा तेवढा दे."

ती बसली. पट तसाच मांडला. पैलवानाला भरपूर वेळ दिला. अक्कानं राजा सरकवला. पैलवानानं हत्ती डावीकडे नेला. जिंकलो! मग उजवीकडे. जिंकलो! सुजाताच्या कपाळावर आठी आली. ती माणसावर रागावली होती, आता तिला यंत्राचा राग आला. तिनं प्रोग्राम उघडला आणि मी लिहिलेलं वाचायला लागली. मी आयुष्यात इतक्या परीक्षा घेतल्या, पण कुणी आपला पेपर आपल्यासमोर तपासतंय याचा अनुभव तेव्हा आला.

"काका, हे भागिले चाळीस काय आहे?"

"एकूण वेळ. चाळीस खेळ्यांना सारखा वाटून दिलाय."

"आणि चाळीसनंतर?"

"चाळीसनंतर कुठं डाव असतो? माझा तर कधीच..." मी थांबलो.

ती पुढं वाचत गेली. "सुरुवातीच्या सोप्या खेळ्यांना पण तेवढाच वेळ. मग शेवटाला उरलेलं किडुकमिडुक. आणि सोंगटी उचलणाऱ्या माणसाच्या हाताला वेळ लागतो, तो कुठंच धरलेला नाही." पडदा वर सरकला. आणि मग ती एका ओळीवर थांबली. पुन्हा वाचली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"काका, तुम्ही सगळ्या विजयांना सारखेच गुण दिलेत!"

"मग? विजय तो विजय."

"अहो, पुढच्या खेळीत मात आणि दहा खेळ्यांनी मात, त्याला दोन्ही सारखंच. जिंकणं हातात आहे ना, मग आज कशाला, उद्या जिंकू. उद्या पण तेच. तो आयुष्यभर फिरत राहील! लवकरच्या विजयाला थोडे जास्त गुण द्यायचे असतात." तिनं डोळे पुसले. "शकूरकाका, हे ठरवून केलेलं नाही. ही चूक मुद्दाम कुणी करूच शकत नाही. ही चूक करायला माणसाला जिंकायची अजिबात सवय नसावी लागते."

शकूरभाईंनी माझी पाठ थोपटली. "मुबारक हो, सर." मला आजवर मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र, जे तोंडी मिळूनही पाठ आहे.

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली. "गेल्या महिन्यापासून बघतेय मी ह्याला. तुम्ही ताक प्यायला उठता तेव्हा मी दोन-चार खेळ्या पुढं खेळून बघते. जिंकायला लागला की हा फिरायला जातो. म्हटलं, जाऊ दे फिरायला. आपण एक प्यादं तेवढं जपायचं."

सुजाता आईकडे बघत राहिली. एवढं सगळं महिनाभर बघून ठेवलेलं, लक्षात ठेवलेलं. हत्ती गेला तरी. साड्या घड्या होताना दिसत असल्या तरी.

"आणि दूध, अम्मा?"

"दुधाला कुणी घड्याळ लावतं का?"

"लावायचं," सुजाता म्हणाली. "आजपासून लावायचं. नाहीतर मी परत येईन."

त्या दिवशी साड्या पुन्हा कपाटात गेल्या. निळी आधी.

आता मोठमोठे प्रोग्राम हे सगळं कसं करतात ते मी वाचलं आहे. ते सोप्या खेळीला पटकन उत्तर देतात आणि वेळ शिल्लक टाकतात, शेवटासाठी. पटावर मोजक्या सोंगट्या उरल्या की विचारच करत नाहीत. तिथून पुढचे सगळे शेवट त्यांच्याकडे तयार ठेवलेले असतात, बघायचं आणि खेळायचं. काट्यावर पातं चढलेलं असो नाहीतर नसो, सोंगटी हातातून निसटत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि थोडी दयाही येते. शेवट पाठ असलेल्या माणसाकडे दुपारी ताक प्यायला कोण जाईल?

पैलवानाला त्याच संध्याकाळी सुजातानं दुरुस्त केलं. दोनच ओळी. आता तो झटक्यात पाठ लावतो. अक्का त्याच्याशी हरते आणि कुरकुरते, "आधी बिचारा जिंकताना सुद्धा दोन घटका बसायचा, आता पाहुण्यासारखा टेकतो न टेकतो तोच चालला." म्हणून मी जुना पैलवानही ठेवला आहे. मंगळवारी नवा, एरवी जुना. यंत्राला मन नसतं, ती माझ्या एका ओळीतली चूक होती, हे मला चांगलं माहीत आहे. तरी जुना पैलवान हत्ती डावीकडे नेतो, उजवीकडे आणतो, तेव्हा मला वाटतं की ह्याला नक्की माझंच रक्त लागलंय.

यंदा गवत भरून, फरशी पुन्हा पुसून, मंगलची बोलणी खाऊन मी दुपारी पूर्व भागात गेलो. माग चालू होते. शकूरभाई आधीच आलेले. ते किल्लीचं घड्याळ आता पटाशेजारी नसतं. ते गॅसजवळच्या फळीवर असतं, एक तबकडी दुधाची, एक डाळीची. पातं पडलं की अक्का डाव तसाच सोडून उठते आणि आम्ही पटाला हात लावत नाही, कारण तिला सगळं लक्षात राहतं. पुढच्या आठवड्यात सुजाता येणार आहे, रिकामी बॅग घेऊन नव्हे, आंब्याची पेटी घेऊन.

दोन डाव हरलो. ताक झालं. "निघतो," म्हणून उठलो. दारात चपला घातल्या. मग आठवलं, मेहुण्याचा फोन आला होता ते सांगायचं राहिलं. ते सांगितलं. मग कूलरच्या जाळीचं सांगितलं. मग उन्हाचं. चौकटीला टेकून मी कितीतरी वेळ उभा होतो, आणि आत घड्याळाची दुधाची तबकडी टिकटिकत होती.

"मास्तर," अक्का म्हणाली, "प्यादं घे आणि नीघ आता."

शकूरभाई खिशातली शिट्टी चाचपू लागले. मी एकदा गल्लीतल्या उन्हाकडे बघितलं, एकदा पटाकडे, आणि चपला काढल्या.